अकरा महिने एकोणतीस दिवस

४ मार्च १९९७

ती. आयडेलाताईस,
सा. न. वि. वि.

पत्रावर पत्ता घातलेला नाही, रागावू नकोस. आम्ही दोघी खुशाल आहोत एवढंच कळवायचं आहे. केंड्रा माझ्यापाशी आहे. पोटभर जेवते, खारींमागे पळते, पुढचा दात पडल्यापासून प्रत्येक शब्दाला शीळ वाजवते.

रविवारी संध्याकाळी सहाला तिला तिच्या बापाच्या, रँडलच्या, दारात सोडायचं होतं. मी त्याच्या गल्लीच्या वळणापर्यंत गेलेही होते. पण पाय ब्रेकवर पडेचना. गाडी तशीच पुढे गेली, मग गाव मागे पडलं, मग राज्यही.

उगाच नाही केलं हे. शनिवारी माझ्याकडे जेवताना पोरगी सहज बोलून गेली की डॅडी जमिनीवर झोपतात. मी विचारलं, कधी? तर म्हणे, रोज. आता माणूस रोज जमिनीवर कधी झोपतो ते मी तुला सांगायला नको. आपल्या बाबांच्या अंगावर पांघरुणं आपणच घातली आहेत. शेरिलनेही ह्याच्या अंगावर घातली. आणि त्या डिसेंबरात हा गुत्त्यात लोळत पडला होता म्हणून त्याला आणायला बर्फावरून गाडी घेऊन निघाली ती माझी मुलगी होती, ताई. गाडी आली ती ओढून आणलेली.

तरी जज्जाने पोरगी त्याच्याच ताब्यात दिली. का, तर बाप दारू सोडल्याची चिठ्ठी दर आठवड्याला आणून दाखवतो! आणि मला एक आड एक शनिवार-रविवार. ग्रंथालयाचं पुस्तक आहे का ती, मुदतीत परत करायला?

तुझ्या कोर्टात काय चाललं आहे ते मला कळवू नकोस, कळवायला पत्ताही नाही. तुझा लोभ आजवर पुरला, या खेपेलाही पुरव.

तुझी धाकटी,
ट्रेवा

*

हॅस्केट, टेनेसी
७ मार्च १९९७

प्रिय ट्रेवास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्ता घातला नाहीस, शहाणीच आहेस. बावीस वर्षं काउंटीच्या कोर्टात शिक्के मारणाऱ्या बाईला टपालाचा शिक्का वाचता येत नाही असं वाटलं तुला? बेल फोर्क, केंटकी. म्हणजे हायरम काकांची शिकारीची खोपी. तिथे फोन नाही, आणि ऑर्वलच्या दुकानातच पोस्ट आहे, म्हणून हे त्याच्या हवाल्याने पाठवते. वाचून चुलीत घाल.

आता नीट ऐक. मंगळवारी सकाळी रँडलची तक्रार आली. अकरा वाजता तुझ्या नावाचं वॉरंट माझ्या टेबलावर आलं आणि मी त्यावर शिक्का मारला. दुपारचं सूप मात्र तसंच टाकून उठले.

ताब्याचा हुकूम मोडून मूल दडवणं हा आपल्या राज्यात मोठा गुन्हा आहे. एक ते सहा वर्षं, तीही राज्याच्या तुरुंगात. सुटून आलीस तरी शाळेच्या स्वयंपाकघरात तुला कोणी पाऊल ठेवू देणार नाही. पण त्याच कलमात पुढे एक वाक्य आहे, ते तुला पाठ व्हावं म्हणून लिहिते. मूल आपणहून परत आणून दिलं, तर तोच गुन्हा किरकोळ धरतात. किरकोळातला सगळ्यात वरचा, अ वर्गाचा. त्याला जास्तीत जास्त अकरा महिने एकोणतीस दिवस. सबंध वर्ष का नाही म्हणशील, तर वर्ष भरलं की माणूस राज्याचा कैदी होतो. एक दिवस कमी ठेवला की काउंटीचाच राहतो, इथल्या तुरुंगात, आपल्या माणसांच्या नजरेत. त्यातलेही बरेच दिवस जज्ज स्थगित करतात आणि देखरेखीवर बाहेर ठेवतात. रोज माझ्या हाताखालून असे निकाल जातात. किरकोळ म्हणून हसण्यावारी नेऊ नकोस, पण त्यातून माणूस माणूस म्हणून बाहेर पडतं.

सगळी मदार ‘आपणहून’ या एका शब्दावर आहे, ट्रेवा. शेरिफच्या डेप्युटीने तुझं दार ठोठावलं की तो शब्द मेला.

काल शेरिफने जिन्यात गाठून विचारलं, ट्रेवाचं काही कळलं का. मी म्हटलं, तिचा फोन नाही. खरंच होतं. इतकं बेतून खरं बोलता आलं याचीच लाज वाटली.

रँडलकडे मी स्वतः जाऊन येते. जमिनीवर झोपणं म्हणजे काय ते डोळ्यांनी बघते. तोवर उलटसुलट काही करू नकोस. आधीच पुष्कळ केलं आहेस.

पोरीला माझा पापा. तुझ्यावर रागावले आहे, तरी आहे तुझीच,
आयडेला

*

बेल फोर्क
१० मार्च १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कलम वाचलं. तुझ्या हातचं जेवण आणि तुझ्या हातचं पत्र, दोन्हींत मीठ कमी आणि शिस्त जास्त.

सहा वर्षं तर सहा वर्षं. मी साठीची होऊन बाहेर येईन आणि केंड्रा तेरा वर्षांची असेल, जिवंत असेल. शेरिलला मी म्हणाले होते, हा माणूस तुला एक दिवस मातीत घालील. ती हसली होती. मी तेव्हा नुसती बोलले, केलं काहीच नाही. आता केलं आहे.

पण इथे हाल आहेत, ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? कालपासून पोरीचा कान ठणकतो आहे. मीठ भाजून मोज्यात घालून शेकते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग पुन्हा रडते. अंगात ताप आहे. डॉक्टर बारा मैलांवर, आणि गेलं की पहिला प्रश्न नाव काय. आज दूध आणायला ऑर्वलकडे गेले तर त्याने गल्ल्याजवळचं वर्तमानपत्र मुद्दाम पालथं घातलं. मी बाहेर पडताना काचेतून पाहिलं. केंड्राचा शाळेतला फोटो होता. दुधाच्या मात्र म्हाताऱ्याने दोन बाटल्या दिल्या होत्या, मी एकच मागितली होती.

रस्त्याने गाडी गेली की मी तिला घेऊन मागच्या दाराशी उभी राहते. तिला वाटतं, खेळ आहे. आज मात्र म्हणाली, आजी, हा खेळ मला नको.

रँडलकडे जायचं तर जा. मोरीत, टाकीत, पोटमाळ्यावर बघ. बाबा कुठे कुठे लपवायचे ते तुझ्या लक्षात आहे.

तुझ्या धाकाखाली वाढलेली,
ट्रेवा

*

हॅस्केट
१२ मार्च १९९७

प्रिय ट्रेवास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल कामावरून परस्पर रँडलकडे गेले. तो नुकताच लाकडाच्या गिरणीतून आला होता, केसांत भुसा तसाच. मी सरळ सांगितलं की मला तुझं घर बघायचं आहे. एका शब्दाने का म्हणाला नाही. बाजूला सरला.

मी सगळं पाहिलं. ओट्याखाली, ओट्यावर, संडासाच्या टाकीत, पिठाच्या डब्यात हात घालून. सूपचे डबे, मक्याचं पीठ, कॉफी. बाटली नाही. वासही नाही. हा वास मला ओळखता येत नाही असं तू तरी म्हणणार नाहीस.

मग पोरीच्या खोलीत गेले. पलंगाला लागून जमिनीवर एक गोधडी अंथरलेली, वर उशी. मी विचारलं, हे काय? तो खिडकीकडे बघत म्हणाला, की शेरिल गेल्यापासून केंड्रा मध्येच दचकून उठते आणि घरात कोण उरलं आहे ते बघत फिरते. आधी तो खुर्ची टाकून बसायचा. पण तिला हात खाली सोडला की त्याचं डोकं लागायला हवं असतं. म्हणून तो जमिनीवर झोपतो. पंधरा महिने झाले. ती घरात नाही तरी आताही तिथेच झोपतो आहे.

ट्रेवा, मी त्या गोधडीवर बसले.

निघताना त्याने एकच गोष्ट सांगितली. म्हणाला, मिस आयडेला, तुम्हाला ती कुठे आहे हे माहीत असेल तर मला सांगू नका. कळलं तर मी जाईन, आणि गेलो तर माझ्या हातून काय होईल ते मला माहीत नाही. फक्त, मार्चमध्ये तिचा कान दुखतो. दरवर्षी.

मी अंगणापर्यंत गेले आणि माघारी आले. म्हटलं, कानाचं औषध कुठे ठेवतोस? त्याने फ्रिजमधून बाटली काढून माझ्या हातात दिली. दोन थेंब, सकाळ-संध्याकाळ, बाटली आधी मुठीत गरम करायची. मग दार लावून घेतलं. म्हणजे त्याला कळलं, ट्रेवा. आणि शेरिफला त्याने फोन केलेला नाही. तो का केला नाही याचा तूच विचार कर.

औषध या खोक्यात आहे. तू त्याचा द्वेष कर, ते तुझं तुझ्यापाशी. शेरिलला त्याने परत आणून दिलेलं नाही आणि देणारही नाही. पण ही मुलगी त्याची आहे. ताबडतोब नीघ. डेप्युटी केंटकीच्या पोलिसांशी बोलत आहेत. फोनची चिठ्ठी मीच लिहून घेतली.

हे पत्र हुकूम समज.
तुझी थोरली,
आयडेला

*

बेल फोर्क
१४ मार्च १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकं दुपारी मिळालं. बाटली मुठीत धरून गरम केली. पोरगी चार दिवसांत पहिल्यांदा शांत झोपली आहे, ती झोपलेली असतानाच लिहिते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझाच राग आला. तुला बाटली सापडायला हवी होती. सापडली असती तर मी किती बरोबर ठरले असते! मग स्वतःचीच भीती वाटली, की ज्या घरात माझी नात झोपते तिथे दारू निघावी अशी मी आस धरून बसले होते.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी तिला घेऊन शेरिफच्या कचेरीत येते. आजच निघाले असते, पण घाटात कानावर दाब येतो. ताप उतरू दे, एवढे दोन दिवस दे. रँडलला सांग, नाहीतर नको सांगू, तुला ठीक वाटेल ते कर. माझ्यासाठी एक जाड स्वेटर आणून ठेव. तिथे गारठा असतो म्हणतात.

पत्र आत्ताच ऑर्वलच्या पेटीत टाकते, म्हणजे माझा विचार फिरायला नको.

सांभाळून घे.
ट्रेवा

*

हॅस्केट
२९ मार्च १९९७

प्रिय ट्रेवास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काचेपलीकडून पंधरा मिनिटांत बोलणं होत नाही, म्हणून लिहिते. हे पत्र तुरुंगात उघडून वाचतील. वाचू देत. जे लिहिते आहे ते मी परवा त्यांच्यासमोरच बोलणार आहे.

तुझ्या वकीलबाईंनी सांगितलं असेलच. सरकारी वकील म्हणतात, हे ‘आपणहून’ नाहीच. रविवारी सोळा तारखेला दोन डेप्युटी ऑर्वलच्या दुकानात फोटो घेऊन गेले होते. तुला सुगावा लागला, पळायला वाट उरली नाही, म्हणून सोमवारी शरण आलीस, असं त्यांचं म्हणणं. ऑर्वल सांगतो, मी तिला काहीच कळवलं नाही. पण त्या म्हाताऱ्याने तुला दूध देऊन झाकलं, त्याच्या शब्दाला कोर्टात वजन ते किती!

तू शुक्रवारीच ठरवलं होतंस हे सांगणारा या जगात एकच कागद आहे. तुझं चौदा तारखेचं पत्र. पाकिटावर टपालाचा शिक्का आहे. तुला मी पत्रं जाळायला सांगितलं आणि माझ्याकडची मात्र पिठाच्या डब्यामागे जपून ठेवली. कारकुनाची जात, कागद फाडवत नाही.

ते पत्र दिलं की सात तारखेपासून तू कुठे आहेस हे मला माहीत होतं हेही उघडं पडतं. त्याच वॉरंटवर माझा शिक्का आहे. तुझ्या वकीलबाई बिचाऱ्या सभ्य, त्यांनी दोनदा विचारलं की याचा परिणाम कळतो ना. मी म्हटलं, मुली, तू तिसरीत होतीस तेव्हापासून मी लोकांच्या हाताखाली बायबल धरते आहे.

मला अडवणारं पत्र लिहू नकोस. पोचेल तेव्हा उशीर झालेला असेल. स्वेटर पाठवला आहे. मोजे काळजीपूर्वक धू, तिथे हरवतात म्हणे.

तुझी,
आयडेला

*

काउंटी तुरुंग, हॅस्केट
१ एप्रिल १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तू साक्षीला उभी राहिलीस आणि शपथ द्यायला तुझ्याच शेजारच्या टेबलावरची ती नवी मुलगी आली. शब्द विसरली, तर तूच हलक्या आवाजात पुढचे शब्द सांगितलेस. मला हसूही आलं आणि रडूही. पायांत बेड्या असताना दोन्हीही नीट करता येत नाही.

जज्जांनी विचारलं, की ठावठिकाणा माहीत असूनही किती दिवस गप्प बसलात? तू म्हणालीस, दहा दिवस, महाराज, आणि त्यातला प्रत्येक दिवस कामावर हजर होते. त्यांनी तुझ्याकडे बघून चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्यांना कॉफी तूच नेऊन देत होतीस ना? मला त्यांच्याकडे बघवेना.

मग रँडल उभा राहिला. मला वाटलं, संपलं. सरकारी वकिलांनी विचारलं की तुम्हाला या बाईंना काय शिक्षा व्हावी असं वाटतं. तो टोपी हातात फिरवत म्हणाला, की डेप्युटीला दार वाजवावं लागलं नाही, यांनीच मुलीला आणून सोडलं. ज्याने आणून सोडलं त्याला आणून सोडणाराच म्हणा. बस्स, एवढंच. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मोठा गुन्हा गळाला. किरकोळ गुन्हा मी कबूल केला. अकरा महिने एकोणतीस दिवस हे शब्द तुझ्या पत्रात वाचले होते, पण माझं पूर्ण नाव आधी लागून ऐकताना निराळेच वाटले. साठ दिवस आत, सतरा मार्चपासून धरून. बाकीचे देखरेखीवर. आणि तेवढा सगळा काळ केंड्राची भेट नाही. पत्र लिहिता येईल, तेही बापाने आधी वाचून. हे ऐकलं तेव्हा मात्र वकीलबाईंनी माझा दंड धरला म्हणून उभी राहिले.

तुझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या हे मला पहाऱ्यावरच्या बाईने सांगितलं. तुझं टेबल रिकामं करायला म्हणे तूच घरून खोका आणला होतास. माझ्यामुळे, ताई. क्षमा मागावी तर तू म्हणशील, कागद लांबवू नकोस.

इथे मला स्वयंपाकघरात लावलं आहे. पन्नास जणींचं बीन्स शिजवते. एकीने सांगितलं, पहिल्यांदाच खाण्यासारखं झालं. मीठ बेताचंच घातलं होतं, तुझ्यासारखं.

तुझी,
ट्रेवा

*

हॅस्केट
२० एप्रिल १९९७

मिस ट्रेवा यांस,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही. तरी लिहितो.

कोर्टात जे बोललो ते तुमच्यासाठी नव्हतं. केंड्राची आजी मोठ्या तुरुंगात आहे असं तिला शाळेत कोणी म्हणू नये म्हणून. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. आठ दिवस मी या काउंटीतलं एकेक तळं बघत फिरलो. काठी घेऊन. तळ्यात काठी घालताना काय वाटतं ते तुम्हाला सांगत नाही. कान दुखतो आहे हे मिस आयडेला माघारी आल्या तेव्हा कळलं, म्हणजे ती जिवंत आहे हे कळलं. त्या दिवशी मी ती काठी अंगणात मोडून टाकली.

वर्षभर भेट नको हे मीच वकिलाला सांगितलं होतं. ते जज्जाच्या मनातून आलेलं नाही. हे तुम्हाला माझ्याकडून कळावं.

शेरिलबद्दल तुम्ही मला जे म्हणता ते मी स्वतःला रोज म्हणतो. त्यात तुम्हाला नवीन काही घालता येणार नाही.

केंड्रा तुमची आठवण काढते. पण आता मी गिरणीतून यायला पाच मिनिटं उशीर केला तरी शेजारणीच्या दारात उभी राहून रडते. पूर्वी असं करत नव्हती. ते तुमचं काम. आजी आपल्याला का घेऊन गेली, असं विचारते. मी काय सांगू ते मला समजत नाही. ते तुम्ही सांगा. खरं असेल तर वाचून दाखवीन. नसेल तर फाडून टाकीन.

आपला,
रँडल

*

काउंटी तुरुंग, हॅस्केट
२७ एप्रिल १९९७

माझ्या लाडक्या केंड्रास,
पुष्कळ पापे आणि आशीर्वाद.

हे पत्र तुझे डॅडी आधी वाचतील आणि मग तुला वाचून दाखवतील. त्यांना वाटलं तर मध्ये थांबतील. त्यांनी थांबलेलं मला चालेल.

तू गाडीत विचारलं होतंस, आपण कुठे चाललो, डॅडींना माहीत आहे का. मी म्हणाले, हो, त्यांनीच सांगितलं आहे, सुट्टी आहे. ते खोटं होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू फोन करायचा म्हणालीस तेव्हा मी म्हणाले, डॅडी कामावर आहेत, रागावतील. तेही खोटं होतं. ते त्या वेळी तुलाच शोधत होते. त्यांनी एक क्षणही तुला टाकलं नव्हतं. तुला तसं वाटलं असेल तर ते माझ्यामुळे वाटलं.

मी तुला का नेलं? मला भीती वाटली म्हणून. कशाची ते मी तुझ्या डॅडींना विचारायला हवं होतं. एक प्रश्न विचारला असता तर पुरला असता. मी विचारला नाही, कारण मला त्यांचं उत्तर ऐकायचंच नव्हतं. मोठ्या माणसांनी असं केलं की त्याला शिक्षा असते, आणि ती मला मिळाली आहे. ती बरोबर आहे. मला इथे कोणी मारत नाही, जेवायला मिळतं, तू माझी काळजी करू नकोस.

डॅडींना यायला उशीर झाला तर ते रस्त्यात असतात. तेवढंच असतं. ते येतात.

तुला मला उत्तर लिहावंसं वाटलं तर डॅडींना विचारून लिही. नाही वाटलं तर लिहू नकोस. मी विचारणार नाही, का नाही लिहिलंस म्हणून.

तुझी,
आजी